कारवान कुत्र्याचा दमसास आणि ग्रेहाउंडचा संकर

बैलाची परीक्षा पहिल्या तासाला होत नाही, उन्हे चढल्यावर होते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. सकाळच्या गारव्यात कोणतीही जोडी डौलाने चालते. दुपारी माळावरच्या कठीण रानात जी मान खाली घालून तेवढ्याच चालीने नांगर ओढते, तिलाच आपण कामाची जोडी म्हणतो. बैलाच्या बाबतीत आपणांस जे इतके उघड दिसते, ते कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण अलीकडे विसरू लागलो आहोत. दक्षिण महाराष्ट्रात व मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या गेलेल्या कारवान कुत्र्यावर शर्यतीच्या ग्रेहाउंडचा संकर करण्याची जी हौस वाढली आहे, तिच्यासंबंधी चार शब्द लिहिणे म्हणूनच आवश्यक वाटते. हा संकर ज्या रीतीने व ज्या हेतूने चालला आहे, त्या रीतीने तो चालू राहिल्यास थोड्याशा वेगाच्या लोभाने आपण या कुत्र्याचा दमसास व कामसूपणा गमावून बसू, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारवान म्हणजे काय?

सोलापूर, लातूर, नांदेड, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे कर्नाटकातील बागलकोट, विजापूर या भागांत जो उंच, सडपातळ, निमुळत्या तोंडाचा व खोल छातीचा कुत्रा आढळतो, त्यास आपण कारवान अथवा कारवानी म्हणतो. आखूड केसांचा तो कारवानी आणि कानांवर व शेपटीवर रेशमी केसांची झालर असलेला तो पश्मी, असा भेद जुने लोक करीत आले आहेत. मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्याच्या जोपासनेस आश्रय दिला, त्यामुळे तोच मुधोळ हाउंड या नावानेही ओळखला जातो. भारतीय टपाल खात्याने 2005 साली देशी कुत्र्यांवर जी तिकिटे काढली त्यांत मुधोळ हाउंडचा समावेश होता. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद केली आहे.

हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर विसंबून पाठलाग करणाऱ्या वर्गातील आहे. याच वर्गात अरबस्तान, इराक, सीरिया व इराण या प्रदेशांतील सालुकी, अफगाणिस्तान व मध्य आशियातील ताझी, उत्तर आफ्रिकेतील स्लुघी आणि विलायतेतील ग्रेहाउंड व व्हिपेट हे कुत्रे मोडतात. व्यापारी तांडे व लष्करे यांच्याबरोबर पश्चिमेकडून आलेल्या कुत्र्यांपासून आपला कारवान निपजला, अशी परंपरागत समजूत असून त्याच्या नावातही तांड्याचीच खूण आहे. सालुकीतही आखूड केसांचा व झालरीचा असे दोन प्रकार असतात, हे साम्य पाहिले म्हणजे ही समजूत निराधार वाटत नाही. तात्पर्य, कारवान हा ओसाड व उष्ण मुलुखात लांब पल्ला धावणाऱ्या कुळातील कुत्रा आहे आणि दख्खनच्या खडकाळ माळरानाने त्यास आपल्या परीने पारखून घेतले आहे.

धावण्याचे दोन प्रकार

संकराचा प्रश्न समजून घ्यावयाचा तर ग्रेहाउंड व सालुकी या दोन नातलगांच्या धावण्यातील भेद लक्षात घेतला पाहिजे. शर्यतीचा ग्रेहाउंड ताशी 60 किलोमीटरहून अधिक वेग घेतो. परंतु त्याची नेहमीची शर्यत सुमारे 480 मीटरांची असते आणि ती अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर संपते. पिढ्यान्‌पिढ्या या अर्ध्या मिनिटासाठीच त्याची निवड झाली. त्यामुळे त्याच्या स्नायूंत झटकन आकुंचन पावणाऱ्या तंतूंचे प्रमाण फार मोठे आहे, शरीराच्या मानाने त्याचे हृदय मोठे आहे, आणि त्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, जे अन्य कुत्र्यांत शेकडा 40 ते 50 च्या आसपास असते, ते शेकडा 50 ते 60 वा त्याहूनही अधिक आढळते. अंगावर चरबी अगदी थोडी आणि कातडी पातळ.

अशा धावण्यात शरीर आपल्या साठ्यातील साखर प्राणवायूची वाट न पाहता जाळते. त्यापासून स्नायूंत आम्ल साचते व उष्णता फार वेगाने निर्माण होते. कुत्र्याचे स्वाभाविक तपमान सुमारे 38 ते 39 अंश सेल्सिअस असते, परंतु जोराच्या एका शर्यतीनंतर ग्रेहाउंडचे तपमान 41 अंशांच्याही वर गेलेले आढळते. माणसाप्रमाणे कुत्र्यास सर्वांगास घाम येत नाही, धाप टाकूनच त्यास अंगातील उष्णता बाहेर टाकावी लागते. शर्यत संपताच थंड जागी विश्रांती मिळाली तर हे निभावते. पण तसाच कुत्रा उन्हात दोन-तीन किलोमीटर पळविला तर स्नायूंचे तंतू फुटून विघटन होण्याचा धोका असतो. असा कुत्रा मागल्या अंगाने ताठतो, त्याची लघवी काळपट तांबूस होते, आणि वेळीच उपचार न झाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊन तो दगावतो.

सालुकीची घडण निराळ्या गरजेतून झाली. वाळवंटातील चिंकारा जातीचे हरीण एका झेपेत हाती लागत नाही. अरब शिकारी ससाण्याच्या साहाय्याने व सालुकीच्या चिकाटीने ते दमवीत असत. या कुत्र्याचा वेगही मोठा आहे, परंतु त्याचे खरे सामर्थ्य वेगाची पहिली लाट ओसरल्यावरही चाल न मोडण्यात आहे. त्यास लांब, हलकी व थोडक्या श्रमाची झेप लागते. बोटांमध्ये केस असलेले लवचिक पंजे आणि उष्णता सोसण्याची सवय त्यास हवी असते, आणि धाप लवकर बसणे हेही तितकेच महत्त्वाचे असते. हे गुण एका अवयवात नसतात व एका दृष्टिक्षेपात दिसतही नाहीत. म्हणूनच बाजारात त्यांची किंमत होत नाही.

विलायतेचा धडा

येथे विलायतेतील एक उदाहरण विचार करण्यासारखे आहे. 1895 साली फ्लॉरेन्स अ‍ॅम्हर्स्ट या बाईंनी तिकडे सालुकी नेले व 1923 साली ब्रिटनच्या केनेल क्लबने त्या जातीस मान्यता दिली. ब्रिटनमध्ये ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यावर अन्य कामाच्या कुत्र्याचा संकर करून ‘लर्चर’ तयार करण्याची पद्धत फार जुनी आहे. मेंढपाळ कॉली कुत्र्याचे रक्त घातले तर आज्ञाधारकपणा व शहाणपण येते, टेरियरचे घातले तर धीटपणा येतो, आणि सालुकीचे घातले तर दमसास येतो, अशी तेथील पाळणाऱ्यांची धारणा आहे. मोठ्या उघड्या शेतांत लांब पाठलाग करावयाचा असेल तर ग्रेहाउंडचा वेग पुरेसा पडत नाही. दम व मजबूत पाय यांची भर घालण्यासाठी तेथे सालुकीचे रक्त मुद्दाम शोधून आणले जाते. त्याबरोबर काही अवगुणही येतात, हे तेच लोक कबूल करतात. असा संकर उशिरा वयात येतो, हट्टी असतो, आणि एकदा पाठलागास लागला की हाकेस न जुमानता कोसभर निघून जातो.

आपल्याकडे काय चालले आहे ते याच्या अगदी उलट आहे. तेथील पाळणारा ग्रेहाउंडमध्ये नसलेला दम मिळविण्यासाठी वाळवंटी रक्ताच्या मागे लागतो आणि आपण मात्र त्याच कुळातील कुत्रा घरच्या अंगणात असताना त्यावर ग्रेहाउंड लावून तो दम घालवितो. जे दुसऱ्यास मोल देऊन मिळवावे लागते ते आपण फुकट उधळीत आहोत.

या उदाहरणाचा अर्थ विलायतेतील शिकारीचे अनुकरण करावे असा मुळीच नाही. इंग्लंड व वेल्स येथे 2004 च्या शिकार कायद्याने सशामागे कुत्रे सोडण्याचा खेळ बंद केला. 1836 पासून चालत आलेली वॉटर्लू कप ही स्पर्धा 2005 साली शेवटची झाली, आणि 2022 साली या गुन्ह्याच्या शिक्षा आणखी कडक करण्यात आल्या. आपल्या देशात तर 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यान्वये ससा, काळवीट, चिंकारा, घोरपड यांच्यामागे शिकारीसाठी कुत्रा सोडणे हा गुन्हाच आहे. रानडुकरांचा उपद्रव असला तरी वनखात्याच्या परवानगीवाचून त्यांस मारता येत नाही. तेव्हा ‘कुत्रा कामाचा’ या शब्दांतील काम म्हणजे शिकार नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

संकराने काय होते?

संकराविषयी आमचा सरसकट विरोध आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. संकरित ज्वारीने व संकरित गाईंनी महाराष्ट्राच्या शेतीत काय घडविले ते आपण पाहिले आहे. परंतु तेथे हेतू ठरलेला होता, मोजमाप होते, वळूची वंशावळ माहीत होती आणि परकी रक्ताचे प्रमाण किती ठेवावे याचा विचार होत होता. इतके करूनही संकरित गोऱ्हा उन्हात नांगराला खिलाराची बरोबरी करीत नाही, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. दूध वाढले, पण ओढकामाची ताकद आपण खिलारातच शोधतो. कुत्र्याच्या संकरात तर हेतू ‘गेल्या शर्यतीतील कुत्र्यापुढे जावा’ एवढाच असतो, मोजमाप एका धावेचे असते, आणि नराची वंशावळ विकणाऱ्याच्या तोंडी असते.

पहिल्या पिढीचा संकर पुष्कळदा देखणा, चपळ व काटक निघतो. दोन्हीकडील गुणांचा मेळ त्यात पडतो. येथेच पाळणारा फसतो. ही पहिली पिढी पुढे आपसांत लावली म्हणजे एकाच वेतात कोणी ग्रेहाउंडच्या वळणाचे, कोणी कारवानच्या वळणाचे, तर कोणी दोहोंचे दोष घेऊन आलेले पिल्लू निपजते. आणि वेगाच्या लोभाने प्रत्येक पिढीस पुन्हा ग्रेहाउंडच लावला, तर कारवानचे रक्त पहिल्या पिढीत निम्मे, दुसरीत चतुर्थांश व तिसरीत केवळ अष्टमांश उरते. कुत्री दीड-दोन वर्षांत पैदाशीस येत असल्याने शतकांची पारख घालविण्यास पाच-सहा वर्षे पुरतात.

केवळ वेगावर निवड केल्याने काय होते याचे एक शास्त्रीय उदाहरण व्हिपेट जातीत सापडले आहे. स्नायूंची वाढ आवरून धरणाऱ्या मायोस्टॅटिन नावाच्या घटकाच्या जनुकात या जातीत एक बिघाड आढळतो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, ज्या व्हिपेटमध्ये या बिघडलेल्या जनुकाची एक प्रत असते तो शर्यतीत अधिक वेगवान ठरतो. परंतु ज्यात दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात तो बेढब, अतिस्नायूंचा निपजतो व शर्यतीस निरुपयोगी होतो. अशी एक-एक प्रत बाळगणारे दोन वेगवान कुत्रे एकमेकांस लावले तर सरासरीने चार पिल्लांतील एक पिल्लू असे बेढब होणार. ज्यास आपण उत्तम म्हणून निवडतो, त्याच्याच पोटी हा दोष दडलेला असतो. कारवानमध्ये हाच दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. एकाच गुणाच्या मागे डोळे मिटून लागू नये, एवढाच यातील बोध.

डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट

विस्तारकार्याच्या निमित्ताने गावोगाव फिरताना पाहिलेला एक प्रसंग येथे सांगतो. एका यात्रेत फडके ओढून कुत्र्यांची शर्यत लावली होती. एका तरुण शेतकऱ्याने बऱ्याच पैशांस घेतलेला संकरित नर तीत पहिला आला. गुलाल उधळला गेला. दुपारी त्या कुत्र्यास पाहण्यासाठी आलेल्या पाहुण्यांच्या आग्रहावरून तो पुन्हा मोकळ्या माळावर पळविला. वैशाखाचे दिवस होते. पंधरा-वीस मिनिटांनी कुत्रा परतला तो लटपटत. जीभ जांभळी पडली होती व तोंडाला फेस आला होता. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. सावलीत नेऊन सर्वांगावर पाणी ओतावे, हे सुचेपर्यंत वेळ गेला. पशुवैद्यकीय दवाखाना गाठण्याच्या वाटेवरच तो गेला.

त्याच माळावर, त्याच उन्हात, शेजारच्या मेंढवाड्यातील एक म्हातारी कारवान कुत्री सकाळपासून मेंढरांबरोबर फिरत होती. ती शर्यतीत कधी उतरली नव्हती आणि उतरती तर हरलीच असती. पण संध्याकाळी वाडा बसला तेव्हा ती आपल्या जागेवर होती आणि रात्री लांडग्याची चाहूल लागताच पहिली तीच उठली असणार. त्या तरुणाचे डोळे पाणावले होते. त्यास दोष द्यावा असे वाटले नाही. कारण ज्या गुणास बक्षीस मिळते तोच गुण माणूस विकत घेतो, आणि बक्षीस देणारे आपणच आहोत.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, गावात कारवानचे नर मोजके उरले आहेत, त्यामुळे बाप-लेक व भाऊ-बहीण यांचे संबंध होऊन अवलाद खुजी व रोगट होते. नवे रक्त आणल्यावाचून गत्यंतर नाही. या आक्षेपातील पहिला भाग अगदी खरा आहे. बाप-लेक अथवा सख्खी भावंडे यांच्या संबंधातून होणाऱ्या पिल्लांत निकट-संबंधाचे प्रमाण शेकडा 25 इतके असते, व त्याचे दुष्परिणाम थोड्याच पिढ्यांत दिसू लागतात. परंतु नवे रक्त म्हणजे ग्रेहाउंडच, हे कोणी सांगितले? सांगलीच्या मादीस नांदेडचा नर लावावा, लातूरच्या नरास बागलकोटकडील मादी द्यावी, कारवानीस पश्मी लावावा. मुधोळ तालुक्यात तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुविज्ञान विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे, तेथेही चौकशी करता येते. जिल्हा ओलांडला की रक्त बदलते आणि जातही राखली जाते.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. संकरित पिल्लास अधिक किंमत येते, मग कोरडवाहू शेतकऱ्याने ती का सोडावी? हा प्रश्न रास्त आहे व त्यास उपदेशाने उत्तर देता येत नाही. परंतु शर्यतीच्या कुत्र्याचा बाजार हा हौशी लोकांचा बाजार असतो. आज एका वळणाची तर उद्या दुसऱ्या वळणाची मागणी होते. शिवाय दहा पिल्लांतील एकच शर्यतीस उतरते, उरलेल्या नवांचे काय होते हे गावकुसाबाहेर हिंडणाऱ्या हाडकुळ्या कुत्र्यांकडे पाहिले म्हणजे कळते. उलट जातिवंत व कामास शिकविलेल्या देशी कुत्र्याची मागणी वाढते आहे. 2016 साली मुधोळ हाउंडची पिल्ले मेरठ येथील सैन्याच्या पशुवैद्यकीय केंद्रात शिक्षणासाठी नेण्यात आली, आणि 30 ऑगस्ट 2020 रोजी पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात देशी जातींचा गौरव करताना मुधोळचा उल्लेख केला. तेव्हापासून शहरांतही त्याची विचारपूस होऊ लागली. या मागणीस उत्तर द्यावयाचे तर आपल्यापाशी दाखविण्यासारखा खरा माल असला पाहिजे. ज्यास संकरित कुत्राच पाळावयाचा असेल त्याने तो अवश्य पाळावा. परंतु संकर म्हणून विकावा, कारवान म्हणून विकू नये, आणि गावच्या माद्यांवर पैदाशीचा नर म्हणून सोडू नये.

काम कोणते, व निवड कशी करावी?

आज कारवानचे खरे काम राखणीचे आहे. वस्तीवरचा गोठा, द्राक्षाचा अथवा डाळिंबाचा मळा, खळ्यावरची रास व मेंढवाडा यांची राखण तो उत्तम करतो. परक्याशी तो अंतर ठेवून वागतो, घरच्या माणसांशी इमानी असतो, रात्रभर फिरूनही सकाळी थकलेला दिसत नाही आणि थोडक्या खाण्यावर निभावतो. या कामास अर्ध्या मिनिटाचा वेग निरुपयोगी आहे. रात्रभराची जाग, शांत स्वभाव व मालकाच्या हाकेला परत फिरण्याची बुद्धी हे गुण त्यास हवेत.

पैदाशीसाठी निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात. नर अथवा मादी किमान दीड-दोन वर्षांची, हाडापेराने पक्की झालेली असावी. पिल्लू वर्ष-सव्वा वर्षाचे होईपर्यंत त्यास लांब पल्ल्याने पळवूच नये, कारण तोवर हाडांची टोके पुरती जुळलेली नसतात. छाती खोल असावी, परंतु फार रुंद नसावी. पंजे घट्ट व त्यांच्या गाद्या जाड असाव्यात. ज्याच्या गाद्या खडकाळ रानात वरचेवर सोलतात त्याची पैदास करू नये. त्यानंतर दमाची परीक्षा घ्यावी. हिवाळ्यातील गार सकाळी सायकलबरोबर दुडक्या चालीने आरंभी थोडे व क्रमाक्रमाने काही किलोमीटर न्यावे. किती वेगाने गेला यापेक्षा, थांबल्यावर त्याची धाप किती मिनिटांत बसते, दुसऱ्या दिवशी तो लंगडतो किंवा ताठतो काय, हे पाहावे. मांडीच्या आतील बाजूस बोट ठेवून नाडी मोजता येते. या साऱ्यांची नोंद वहीत ठेवावी. तीन वर्षांची अशी एक वही शर्यतीच्या दहा ढालींपेक्षा अधिक सांगेल. कुत्रा शेळ्यामेंढ्यांवर धावून जातो काय आणि हाकेसरशी फिरतो काय, हेही त्याच वहीत लिहावे. कितीही दमदार असला तरी जो हाक ऐकत नाही तो शेतावर कामाचा नाही.

आहाराविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. नुसत्या भाकरी-दुधावर दम तयार होत नाही. कुत्रा लांब श्रमासाठी शक्ती मुख्यतः चरबीतून घेतो व स्नायूंस प्रथिने लागतात. म्हणून अंडी अथवा शिजविलेले मांस यांची जोड द्यावी. कत्तलीच्या जनावरांची कच्ची आतडी, फुप्फुसे, काळीज मात्र देऊ नयेत. त्यांतून फीतकृमींचा प्रसार होऊन माणसांसही पाण्याच्या गाठींचा रोग होतो. खोल छातीच्या कुत्र्याचे पोट फुगून पिळण्याचा संभव असल्याने श्रमाच्या लगेच आधी वा नंतर पोटभर खाऊ घालू नये. उन्हाने कुत्रा कोसळल्यास सावलीत न्यावे, सर्वांगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा, शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा. तेथे शस्त्रक्रिया करावयाची असल्यास हा ग्रेहाउंड-सालुकीच्या वर्गातील कुत्रा असल्याचे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. काही भूल देणारी औषधे या वर्गातील कुत्र्यांच्या शरीरातून फार सावकाश उतरतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात व पुढे दरवर्षी टोचून घेण्यात तर हयगय चालणारच नाही.

कायद्याचेही भान ठेवावे. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने प्राण्यास बांधून वा कोंडून दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य करणे हा गुन्हा ठरविला आहे. जिवंत ससा वा अन्य प्राणी पुढे ठेवून शर्यत लावणारा त्यात सापडतो. 2017 च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही.

बक्षीस कशास द्यावे?

शेवटी एक सूचना. माळेगावच्या यात्रेसारख्या ठिकाणी जनावरांबरोबर कुत्र्यांचीही प्रदर्शने भरतात. तेथे आज रूप व उंची यांस बक्षीस मिळते, आणि गावोगावच्या शर्यतींत वेगास. पंचायत समित्यांनी, यात्रा समित्यांनी व पशुसंवर्धन विभागाच्या अधिकाऱ्यांनी मनावर घेतल्यास एक निराळी स्पर्धा ठेवता येईल. हिवाळ्यातील सकाळी, पशुवैद्याच्या देखरेखीखाली, मध्यम चालीने ठराविक अंतर जावे. अखेरीस धाप, तपमान व पंजे तपासावेत. मेंढरांच्या कळपातून शांतपणे जाण्याची व हाकेसरशी फिरण्याची परीक्षा घ्यावी. जो कुत्रा सर्वांत टवटवीत परतेल व वंशावळीची वही दाखवील, त्याच्या मालकास मानाचा फेटा बांधावा. यास फारसा खर्च नाही. परंतु गुलाल कोणत्या गुणावर पडतो यावर पुढील पिढीची पैदास ठरते.

कारवान कुत्रा कोणा एकाच्या मालकीचा ठेवा नाही. धनगरांनी, वस्तीवरच्या शेतकऱ्यांनी व भटक्या तांड्यांनी कसलीही नोंदवही नसताना, केवळ कामाच्या कसोटीवर तो घडविला. जो दमला तो मागे राहिला, जो टिकला त्याची पिल्ले ठेवली गेली. आपल्यापाशी तर आज शास्त्रही आहे, वहीही आहे व दवाखानाही आहे. इतके असून आपल्या हातून ही जात पातळ होऊन गेली, तर पुढच्या पिढीस त्याचे उत्तर देणे आपणांस कठीण जाईल. ज्यांच्या दारी आज जातिवंत मादी आहे त्यांनी येत्या माजाला तिला कोणता नर लावावयाचा, हा निर्णय घेण्यापूर्वी एकवार दुपारच्या उन्हातील त्या माळाचे स्मरण करावे, एवढीच विनंती.